होल्डिंग डिपॉझिट गेलं तर चूक भाडेकरूचीच?

थेम्सकाठचा: काल इथे कोणीतरी लिहिलं, "होल्डिंग डिपॉझिट जप्त झालं तर चूक भाडेकरूचीच, फॉर्म नीट भरायला काय होतं?" डोकं फिरलं म्हणून लिहितोय. लंडनच्या वेशीवर १३०० पौंड महिन्याचा फ्लॅट, घर राखून ठेवायला एका आठवड्याचं भाडं, ३०० पौंड, होल्डिंग डिपॉझिट म्हणून आधी भरलं, पगारात बोनस धरून आकडा टाकला, रेफरन्सिंगवाल्यांना (भाडेकरूची माहिती तपासणाऱ्यांना) एचआरने नुसता बेसिक सांगितला. झालं! 'खोटी माहिती', पैसे गेले. बोनस काय मी घरी छापतो?

लेस्टरची_ताई: ते वाक्य माझंच आणि मी ते मागे घेणार नाही. माझ्याकडे एकाने आधीचा मालक म्हणून स्वतःच्या मित्राचा नंबर दिला, मित्राने तोंडभर कौतुक केलं, मी भोळी, पठ्ठ्या चार महिन्यांचं भाडं बुडवून गेला. तुमची तपासणी होईपर्यंत मी बाकीच्यांना नाही म्हणायचं, तेही फुकट?

काटेकोर: फुकट कोण म्हणतंय? पण २०१९ च्या टेनंट फीज कायद्याने पैसे ठेवून घ्यायचे तर ७ दिवसांत लेखी कारण द्यावं लागतं. दिलं का?

थेम्सकाठचा: एजंटने फोनवर सांगितलं.

काटेकोर: मग मागा परत, ईमेलने.

नवा_पाहुणा: तुमचं निदान तपासणीपर्यंत तरी गेलं. मी आलो तेव्हा क्रेडिट हिस्ट्री (कर्ज-बिलं फेडल्याची इथली नोंद) शून्य, म्हणून यूकेतला गॅरंटर आणा नाहीतर ६ महिन्यांचं भाडं आगाऊ. इथल्या काकांना विचारलं, "बघतो" म्हणाले. दोन वर्षं झाली, अजून बघतायत.

लेस्टरची_ताई: काका शहाणे. गॅरंटर म्हणजे नुसती सही नव्हे, तुम्ही भाडं थकवलंत तर वसुली त्यांच्याकडून.

नवा_पाहुणा: लग्नात आहेर घेताना मात्र आम्ही घरचेच!

काटेकोर: आता आगाऊचाही मार्ग बंद. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ घेता येत नाही.

लेस्टरची_ताई: घ्या! म्हणजे नवीन माणसाला गॅरंटर नाही तर घरही नाही. कायदा कोणाच्या भल्यासाठी केला म्हणे?

नवा_पाहुणा: ६ महिन्यांसाठी मी बाबांची एफडी मोडायला लावली होती ताई, भलं मला शिकवू नका.

लेस्टरची_ताई: बरं बाबा. आणि थेम्सकाठचे, लेखी दिलं नसेल तर एजंट चुकला, एवढं मान्य. फॉर्म तुम्ही चुकीचाच भरलात.

थेम्सकाठचा: उपकार झाले. ईमेल टाकलाय.