मदत हवी आहे: नदीकडची घोड्याची वाट खणून टाकली, आता घोडी कुठून न्यायची?

रेवाल_प्रेमी
कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा. नदीकडची वाट बंद केलीय, म्हणजे आडवी चर मारून टाकलीय जेसीबीनं आणि चरीच्या पलीकडं काटेरी तार. आम्ही सगळे सकाळी तिकडंच घोडी नेतो, वाळवटात मऊ जमीन असती पायाला बरी पडती, माझे आजोबा पण तिथंच चालवायचे. काल आमच्यातल्या एकाची घोडी तारेत अडकली, मागच्या पायाचं वीतभर कातडं लोंबलं. आता डांबरीनं न्यायचं म्हणलं तर उसाचे ट्रॅक्टर, डबल ट्रॉली, वर डेक फुल आवाजात, घोडी उभीच राहत नाही. पोलिसात जावं का कलेक्टरला अर्ज द्यावा? फॉर्म कोणता असतो? कृपया मैदानावर चालवा असं कुणी सांगू नका.

लकी_घोडीवाला
होम मैदानावर ये की भावा पहाटे. आमच्या लग्नाच्या घोड्या आम्ही तिथंच मोकळ्या करतो.

रेवाल_प्रेमी
वाचलं का शेवटचं वाक्य?

बाळीवेस_बॉय
आणि मैदानावर गड्ड्याची जत्रा भरती त्या टायमाला काय करायचं बे, पाळण्यात बसवायचं का घोडीला 😂

भाऊसाहेब_निवृत्त
कोणती नदी, कोणतं गाव, कोणता गट नंबर? चर कुणी मारली, शेतकऱ्यानं का महसूलनं? आणि कधी मारली? हे सांगितल्याशिवाय कुणालाच काही सांगता येणार नाही.

गोठा_आणि_पागा
आधी त्या घोडीचं बघा हो, रस्त्याचं नंतर. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का? घोड्याला धनुर्वात गाय-म्हशीपेक्षा लवकर होतो आणि झाला की वाचवणं लै अवघड. जखम भरपूर पाण्यानं धुवा, पाईप लावून बारीक धार दहा-पंधरा मिनिटं, आणि लोंबणारं कातडं स्वतः कापू नका, डॉक्टर टाके घालू शकतात पण ते पहिल्या काही तासांतच जमतं.

माळावरचा_मामा
हळद आणि तूप लावा. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या तेच.

गोठा_आणि_पागा
मामा हळदीनं धनुर्वात थांबत नाही. मागच्या पायाला ढोपराच्या खाली जखम असली की त्यात नको तेवढं मांस वर येतं, तूप-तेल लावून अजून वाढतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली पांढरी पापणी वर यायला लागली किंवा घोडी कडबा चावायला कुचकुच करायला लागली तर त्याच रात्री डॉक्टरला उठवा, सकाळची वाट बघू नका.

रेवाल_प्रेमी
ताई इंजेक्शन दिलंय कालच. टाके पण घातलेत. आता रस्त्याचं सांगा कुणीतरी. नदी आपली सीना, अजून कोणती.

भीमाकाठ
आपली सीना म्हणे. अर्ध्या सोलापूर जिल्ह्याची आपली नदी भीमा आहे. मला वाटलं औज-टाकळीकडचा आहे हा. आमच्याकडं उजनी धरणातून शहरासाठी पाणी सोडलं की नदी एका रात्रीत भरती, वाळवटात घोडा नेलेला माणूस पलीकडच्या काठाला अडकलेला बघितलाय मी. आवर्तन कधी सुटतंय ते पेपरात येतं, ते बघूनच पात्रात उतरायचं.

बाळीवेस_बॉय
पण तो सीनेवरचा आहे, उजनीचा काय संबंध?

भीमाकाठ
भीमा-सीना जोड बोगदा माहीत नाही का? उजनीचं पाणी त्यातून सीनेत पण येतं. आणि वरून सीना-कोळेगाव धरण आहेच. २०२५ च्या सप्टेंबरला विसरलात काय, लांबोटीला पुणे हायवे बंद पडला होता सीनेच्या पाण्यानं.

लकी_घोडीवाला
घोडी कोणती आहे पण? मारवाडी का काठेवाडी? फोटो टाक.

रेवाल_प्रेमी
जखमी झाली ती मारवाडी. माझी देशी आहे.

डेक्कनी_डौल
देशी म्हणजे भीमथडी का? मग तर हा धागा खरा महत्त्वाचा आहे. भीमथडीची आता कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत स्वतंत्र जात म्हणून नोंद झालीय. ठेंगणी, टणक खुराची, थोड्या चाऱ्यावर दिवसभर चालणारी. ही जात भीमेच्या खोऱ्यातच तयार झाली, मराठ्यांच्या फौजा हिच्यावर चालल्या, आणि लोकं मात्र अकलूजच्या बाजारात जाऊन उंची आणि कान बघून मारवाडी आणतात. ज्या काठावर ही जात वाढली तिथंच तिला चालायला जागा नाही म्हणजे कमाल आहे.

लकी_घोडीवाला
भीमथडी नवरदेवाला कोण भाड्यानं घेतं साहेब? पाय जमिनीला टेकतात नवरदेवाचे.

भाऊसाहेब_निवृत्त
मी अजून गाव आणि तारीख विचारतोय.

रेवाल_प्रेमी
वडकबाळच्या पुलापासून वरच्या अंगाला. गट नंबर नाही माहीत. चर दिवाळीच्या आधी मारली, पुराचं पाणी उतरलं त्यानंतर. कुणी मारली त्यानं काय फरक पडतो, वाट बंद झाली ना.

भाऊसाहेब_निवृत्त
सगळाच फरक पडतो. मी नोकरीत असताना अशा चरी आम्हीच मारून घ्यायचो, वाळूचे ट्रॅक्टर पात्रात उतरू नयेत म्हणून. ती महसूलनं मारली असेल तर शेतकऱ्याविरुद्ध पोलिसात जाऊन तुम्ही उगाच एक वैरी कराल. चौकशी करा आधी. आणि नदीकाठ सरकारी असतो हा समज डोक्यातून काढा. पात्र सरकारी, महसूल अधिनियम १९६६ चं कलम २०. पण काठ म्हणजे बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी सातबाऱ्यातला गट असतो, पार धारेपर्यंत.

रेवाल_प्रेमी
म्हणजे आमचा हक्कच नाही का मग? एवढ्या वर्षांची वाट आहे.

भाऊसाहेब_निवृत्त
थांबा. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. मोबाईलवर गट नकाशा दिसतो त्यात वाटा नीट दिसत नाहीत, मूळ गाव नकाशा पाहिजे. त्यावर तुटक दोन रेषा असतील तर ती गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेष असेल तर पायवाट, सव्वाआठ फूट. नकाशावर वाट असेल तर ती अडवायचा अधिकार कुणालाच नाही, सरळ तहसीलदाराकडं अतिक्रमण काढायचा अर्ज. नकाशावर नसेल पण वहिवाट असेल तर मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६, कलम ५. त्याला मुदत आहे, अडवल्यापासून सहा महिने. म्हणून तारीख विचारत होतो मघापासून.

वकीलीण_नाही_पण
एक अडचण आहे भाऊसाहेब. कलम ५ शेतीला किंवा चराईला जायच्या वाटेसाठी आहे. घोडा फिरवायला वाट पाहिजे म्हणून अर्ज केला तर पहिल्या तारखेलाच निकाली निघेल. आमच्या भावकीत असंच झालं, अर्जात चुकीचं कारण लिहिलं आणि दोन वर्षं गेली.

भाऊसाहेब_निवृत्त
बरोबर बोललात. म्हणून घोड्याचं नाव पुढं करू नका. त्या वाटेनं शेताला जाणारे, गुरं पाण्यावर नेणारे असतीलच की. अर्जदार ते पाहिजेत, तुमच्या सह्या खाली. गुरांची वाट उघडली की घोडं काय वेगळं जातंय का त्यातनं.

रेवाल_प्रेमी
हे पटलं. दोन मेंढरंवाले आहेत आणि पलीकडच्या वस्तीवरच्या म्हशी पण तिथनंच जायच्या. ते पण वैतागलेत.

ऊस_बागायतदार
आता शेतकऱ्याची बाजू पण ऐका कुणीतरी. माझा पण काठाला गट आहे. घोडेवाले येतात ते एक-दोन जण बरे असतात, बाकीची पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढत नवीन लावणीतनं घोडं पळवतात. ठिबकच्या नळ्या तुटल्या की दुसऱ्या दिवशी पाणी कुठं गेलं ते शोधत बसायचं. बोललं की म्हणतात नदी काय तुमच्या बापाची आहे का. मग तार नाही लावायची तर काय हार घालायचा?

रेवाल_प्रेमी
आम्ही पिकातनं कधी नेत नाही.

ऊस_बागायतदार
तुम्ही नसाल हो. पण मला तोंडं ओळखून तार उघडता येत नाही.

पंप_मेकॅनिक_सोलापूर
मी काठावरच्या पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरतो, माझं एक ऐका सगळ्यांनी. चर आणि तार डोळ्याला दिसते, केबल दिसत नाही. प्रत्येक मोटारीची केबल गवतातनं नदीत गेलेली असते, जागोजागी टेप मारलेली, पुरात ओढाताण होऊन सोललेली. लाईट नाही म्हणून बिनधास्त वरनं जातात लोकं. स्टार्टरला ऑटो असतो, लाईट आली की मोटार आपोआप चालू. ओली जमीन, घोड्याला लोखंडी नाल, आणि पुढच्या-मागच्या पायात एवढं अंतर, त्यामुळं माणसाला नुसत्या मुंग्या येतील तिथं जनावर जागेवर आडवं होतं. काठाला डबकं असेल आणि घोडी फुरफुरत मागं सरत असेल तर टाच मारू नका, तिला कळालेलं असतं. उतरून उलटं या.

माळावरचा_मामा
खरंय. आमचा बैल असाच गेला.

भीमाकाठ
आणि वाट उघडली तरी लगेच जुन्या वाटेनं दौड मारू नका. पुरानंतर काठ आतनं पोखरलेला असतो, वरनं नुसतं गवत दिसतं आणि खाली पोकळ. काठाला समांतर चीर पडलेली दिसली की त्याच्या आतल्या बाजूनं जायचं, नदीच्या बाजूनं नाही. पहिल्यांदा माणसानं पायी काठी ठोकत जायचं, मग घोडं मोकळं हातात धरून, मग स्वार. पाण्यात उतरायचं तर जिथं गुरं उतरतात तिथंच. वाळू उपसलेले खड्डे पाण्याखाली कळत नाहीत, घोट्याएवढ्या पाण्यातनं दोन पावलं पुढं टाकली की पुरुषभर खोल. गाळात घोडी रुतली तर खाली उतरा, लगाम ओढत बसू नका, खोगीर सोडा, पोटाखालनं पट्टा घालून बाजूला ओढा. मान आणि शेपटी धरून ओढू नका.

लकी_घोडीवाला
खुराकात काय देता पण? मी मालदांडीचा कडबा आणि भिजवलेला हरभरा देतो, अंगाला चकाकी येती.

बाळीवेस_बॉय
कुणी विचारलं बे 😂

रेवाल_प्रेमी
अपडेट. मेंढरंवाल्या अण्णांना घेऊन त्या मालकाकडं गेलो होतो. चर त्यांनी मारलेली नाही, महसूलच्या लोकांनीच मारलीय वाळूच्या गाड्यांसाठी. तार मालकांची. ते म्हणाले ट्रॅक्टर यायचा बंद होणार असेल तर मला घोड्याचं काही नाही, पण तार काढली की पहिल्या रात्री ट्रॅक्टर येणार. आता?

भाऊसाहेब_निवृत्त
मग काम सोपं झालं. चरीत एका जागी मुरूम भरून पाच फुटाची वाट करायची आणि दोन्ही बाजूला दगडी खांब रोवायचे, तीन फूट जमिनीत. घोडं, म्हैस, मेंढरं जातात, ट्रॅक्टर-ट्रॉली जात नाही. मालकाची लेखी संमती जोडून तहसीलदाराला अर्ज. चर महसूलची आहे, स्वतःच्या मनानं बुजवू नका, नाहीतर वाळूवाल्यांसाठी बुजवली म्हणून तुमच्यावरच येईल.

ऊस_बागायतदार
पाच फुटातनं मिनी ट्रॅक्टर आरामात जातो.

भाऊसाहेब_निवृत्त
मिनी ट्रॅक्टरनं वाळू कोण नेतंय, डिझेल तरी परवडतं का.

ऊस_बागायतदार
रिटायर होऊन बरीच वर्षं झाली वाटतं तुम्हाला. गाढवावरनं नेतात लोकं, मिनी ट्रॅक्टरचं काय घेऊन बसलात.

वकीलीण_नाही_पण
खांबाच्या पुढं दहा-बारा फुटावर अजून एक खांब मध्यात रोवा. जनावर वळून जातं, ट्रॉलीला वळण बसत नाही.

डेक्कनी_डौल
मारवाडीला पण बसायचं नाही 😄 भीमथडी जाईल.

गोठा_आणि_पागा
खांबाच्या कडा गोल करून घ्या, रिकिबीत पाय असतो तेव्हा गुडघा घासतो. आणि राहिलेल्या काटेरी तारेला मधे मधे पांढऱ्या गोण्यांच्या पट्ट्या बांधा, पहाटेच्या धुक्यात घोड्याला एकेरी तार दिसतच नाही. शक्य असेल तर वाटेच्या दोन्ही अंगाला पंधरा-वीस फूट साधी तार घ्यायला सांगा मालकांना, खर्च तुम्ही करा. आणि वेडी बाभूळ तोडली तर फांद्या वाटेत टाकू नका, तो काटा खुरात गेला की महिनाभर घोडी लंगडती.

रेवाल_प्रेमी
खर्च करू आम्ही, वर्गणी काढतो. मालकांना पिकातनं कुणी घोडं नेलं तर आम्हीच भरून देऊ असं पण कबूल केलंय. नुसत्या पोरांना बजावून भागत नाही हे कळतंय, म्हणून वाटेवर आमचा एक फोन नंबर लिहिणार आहे, काही झालं तर मालकांनी आम्हालाच लावायचा.

लकी_घोडीवाला
नंबर इथं पण टाक, लग्नाच्या सीझनला एक जादा घोडी लागती.

ऊस_बागायतदार
नंबर लिहायची कल्पना चांगली आहे. आमच्याकडच्या पोरांना पण सांगतो.

भाऊसाहेब_निवृत्त
अर्ज उद्याच द्या. नकाशाची नक्कल, मालकाची संमती, मेंढपाळ आणि म्हशीवाल्यांच्या सह्या, चरीचे फोटो. दोन प्रती करा. एक आवक विभागात, दुसरीवर पोच.

रेवाल_प्रेमी
पोच म्हणजे सही का शिक्का?

भाऊसाहेब_निवृत्त
शिक्का, आवक नंबर आणि तारीख. सही आमच्या खात्यात कुणाचीच वाचता येत नाही.