मदत हवी आहे: बाबांची फिटची गोळी ‘नवीन चिठ्ठी आणा’ म्हणून मिळत नाही, आणि चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर नागपुरात

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, लिहायची ही पहिलीच वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी झरी जामणी तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. गावाचं नाव लिहीत नाही, एवढंसं गाव आहे, सगळे ओळखतात. चार वर्षांपूर्वी बाबा मोटरसायकलवरून पडले, डोक्याला मार लागला, तेव्हापासून त्यांना फिट येतात. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या बांधून दिल्या आहेत: फेनिटॉइन, आणि रात्री झोपताना क्लोबाझाम १० मिलिग्रॅमची एक. फेनिटॉइनचं काही नाही, ग्रामीण रुग्णालयात रांग लावली की मिळते. घोडं अडतं ते क्लोबाझामवर.

इतके दिवस बाजाराच्या गावातला एक मेडिकलवाला द्यायचा. ओळखीचा माणूस, जुनी चिठ्ठी दाखवली की तीन पत्ते काढून द्यायचा. जूनपासून त्यानं ही गोळी ठेवणंच बंद केलं. म्हणाला, “भाऊ, महिन्याले दोन पेशंट. त्याच्यासाठी मी बिलं, रजिस्टर, चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स कुठवर सांभाळू? तपासणीत एक कागद कमी पडला तर दुकान माह्यं बंद होते.” राग आला, पण त्याचं अगदीच खोटं नाही.

मग पांढरकवड्याला गेलो. आमच्या चिठ्ठीची अवस्था सांगतो. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत आठ घड्या घालून ठेवलेली, नेमकी तारखेवरूनच घडी गेलेली, आणि त्या घडीवर आईच्या बोटाचा हळदीचा डाग. पहिल्या दुकानदारानं ती उजेडात धरली, उलटी केली, मागचे तीन शिक्के पाहिले. मग आतून गोळीचा पत्ता आणून काउंटरवर ठेवला आणि कोपऱ्यातल्या लाल अक्षरांवर बोट टेकवलं. एनआरएक्स. “हे दिसते ना? साध्या आरएक्सवाली नाही ही. चिठ्ठी नोव्हेंबरची, आता ऑगस्ट आला. नवीन आणा, लगेच देतो.” गोळी माझ्यापासून एक वीत अंतरावर होती. त्यानं उचलून परत आत ठेवली. आणखी तीन दुकानं फिरलो, उत्तर तेच. शेवटच्यानं तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच नशा करतो.

दोन रात्री गोळीविना गेल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबांना फिट आली, दीड वर्षानंतर पहिली. शेजारच्या काकांनी तोंडात चमचा घातला, पुढचा दात हलला. सध्या गावातल्याच एका पेशंटकडून उसन्या आणलेल्या सहा गोळ्यांवर चाललंय. त्यांचेही दिवस मोजलेलेच असणार ना.

नागपूरला जायचं म्हणजे काळी-पिवळीनं पांढरकवडा, तिथून एसटी, रात्रीचा मुक्काम, डॉक्टरांची फी, आणि माझी व आईची दोन-दोन दिवसांची रोजी. त्यात नाल्याला पूर असला की काळी-पिवळी निघतच नाही. उपकेंद्रातून व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलायचाही प्रयत्न केला. तीनदा रेंज गेली, चौथ्यांदा माझा नंबर येईपर्यंत सिस्टरची सुटी झाली.

या गोळीची नशा करणारे असतात, मान्य. पण आमच्याकडे कृषी केंद्रात फवारणीचं विष मागितलं तर “किती एकराला?” एवढंच विचारतात. असो, ते वेगळं रडगाणं.

मला एवढंच सांगा, दर महिन्याला नागपूरच गाठावं लागेल का? जवळचा कोणी डॉक्टर चिठ्ठी लिहू शकतो का? आणि लिहिलीच तर काय लिहून घ्यावं, म्हणजे दुकानदार परत पाठवणार नाही?

कास्तकार_वणी:
भाऊ, एवढी दगदग कशाले? गावातल्या किराणावाल्याले मागवून ठेवाले सांग. हजाराच्या आतल्या गावात दुकानदाराले लायसन्स लागत नाही म्हणतात. नाहीतर ऑनलाइन मागव.

गोळीवाला_काका:
कास्तकारभाऊ, तुमची माहिती अर्धी बरोबर आहे आणि उरलेली अर्धी धोक्याची. औषध नियमांच्या शेड्यूल ‘के’मध्ये, म्हणजे सवलतींच्या यादीत, तशी सूट आहे खरी, १००० पर्यंत लोकसंख्येच्या गावासाठी. पण ती पॅरासिटामॉल, बाम, अँटासिड, ग्राइप वॉटर असल्या घरगुती औषधांपुरती, तीही सीलबंद. शेड्यूल ‘एच’मधलं, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणारं, काहीही किराणा दुकानात ठेवलं तर गुन्हा होतो. ऑनलाइनलाही चिठ्ठी लागतेच.

धागाकर्त्यासाठी: मी वर्धा जिल्ह्यात २२ वर्षं मेडिकल चालवतोय, तेव्हा काउंटरच्या या बाजूचं सांगतो. चिठ्ठीवरच्या औषधांच्या तीन पायऱ्या धरा. एच म्हणजे साधी चिठ्ठी. एच-वन १ मार्च २०१४ पासून आलं, सुरुवातीला ४६ औषधं होती: टीबीची, बरीचशी वरची अँटिबायोटिक्स, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल. त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते, आणि हे रजिस्टर ३ वर्षं जपायचं. सगळ्यात वर एक्स. त्याला चिठ्ठीच्या दोन प्रती आणि दुकानाला वेगळं लायसन्स लागतं, खेड्यातला कुणी त्या वाटेला जात नाही.

तुमची क्लोबाझाम एच-वनमध्ये नाही. ती एचमध्ये आहे, शिवाय १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याखालीही येते. म्हणून ते लाल एनआरएक्स. हा दुसरा कायदा नुसता ऐकूनच आमच्यातले निम्मे लोक घाबरतात आणि माल ठेवणं सोडतात. फिटचा पेशंट त्यात विनाकारण भरडला जातो.

आता कामाचं. १९४५ च्या औषध नियमांतला ६५वा नियम आहे. डॉक्टरनं ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलं नसेल तर अशी चिठ्ठी एकदाच चालते. पण किती वेळा आणि किती दिवसांनी द्यायची हे डॉक्टर लिहू शकतो, आणि तसं लिहिलं असलं की दुकानदारानं तेवढ्या वेळा देणं नियमातच बसतं. दर वेळी तो दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर टाकेल. तुमच्या चिठ्ठीवर हे वाक्य नसणार, पैज लावतो. मागचे ते तीन शिक्के त्या मेडिकलवाल्यानं नियम वाकवून मारले, तुमच्या भल्यासाठी.

दुसरं, चिठ्ठीवर बाबांचं नाव, गावाचा पत्ता, तारीख, डोस, एकूण गोळ्या आणि डॉक्टरची सही एवढं असलंच पाहिजे. ‘१-०-१ चालू ठेवा’ यावर मी तरी देत नाही. तिसरं, कंपनीच्या नावाऐवजी ‘क्लोबाझाम’ लिहून घ्या. एका कंपनीचं नाव लिहिलेलं असेल तर आम्हाला परस्पर दुसरी देता येत नाही, आणि छोट्या गावात नेमकी तीच कंपनी नसते.

किती घेता येतील? स्वतःच्या उपचारासाठी अशा १०० गोळ्यांपर्यंत जवळ ठेवता येतात. दीर्घकाळच्या आजारात डॉक्टरनं तसं खास लिहून दिलं तर ३०० पर्यंत. रोज एक म्हणजे तीन महिन्यांच्या ९०, शंभराच्या आतच.

निवृत्त_सिस्टर:
चिठ्ठीला मेंदूचाच डॉक्टर पाहिजे असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातले किंवा ग्रामीण रुग्णालयातले एमबीबीएस डॉक्टर लिहू शकतात. फक्त रिकाम्या हातानं जाऊ नका. नागपूरची फाइल, डिस्चार्ज कार्ड, जुनी चिठ्ठी, सगळं न्या आणि बाबांनाही सोबत न्या. पेशंट समोर नसताना अशी गोळी लिहायला कुणीही कचरेल, मीही त्यांना तेच सांगितलं असतं.

आणि त्या चमच्याबद्दल. तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, कांदा नाही, चप्पल हुंगवायची नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, आजूबाजूचं टोकदार बाजूला करा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन. क्लोबाझाम एकदम तोडली की फिट उसळून येते, तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं. उसन्या गोळ्या संपायच्या आत जा.

धागाकर्ता:
काका, सिस्टर, कसे आभार मानू. पैज तुम्हीच जिंकलात, चिठ्ठीवर ते वाक्य नव्हतंच.

काल बाबांना घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर तरुण आहेत, पहिल्यांदा ‘नागपूरलाच दाखवा’ म्हणाले. फाइल चाळली, बाबांना चालायला लावलं, हात पुढे धरायला लावले, आणि मग लिहून दिलं: क्लोबाझाम १० मिलिग्रॅम, रात्री एक, ३० गोळ्या, दर ३० दिवसांनी, एकूण तीन वेळा. दिवाळीनंतर नागपूरला दाखवायचंच या अटीवर. कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे तेव्हा हातात असतील, जमेल.

पांढरकवड्याच्या त्याच पहिल्या दुकानात गेलो. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, झेरॉक्स काढून ठेवली, तीस गोळ्या मोजून दिल्या आणि शिक्का मारला. पुढच्या महिन्यात माल असेल का विचारलं तर म्हणाला, “चार दिवस आधी फोन करा, मागवून ठेवतो.” आईनं चिठ्ठीला लॅमिनेशन करूया म्हटलं. मी नको म्हणालो, शिक्का कुठे मारतील?

त्या उसन्या सहा गोळ्या आज संध्याकाळी परत करतो. एक शंका मात्र राहिलीच. पोळ्याच्या सुमारास नाल्याला पूर आला आणि तीस दिवसांवर चार-पाच दिवस उलटले, तर पुढच्या वेळची तारीख कुठून मोजायची? काका, सवड झाली की सांगाल का?