होम अलोन २ : न्यूयॉर्कमध्ये चुकलेल्या केविनबद्दल तुमचे अनुभव लिहा

नाताळ जवळ आला की आमच्याकडे 'होम अलोन'चे पहिले दोन्ही भाग लागतात. १९९० च्या पहिल्या भागाचं कौतुक सगळेच करतात. हा धागा १९९२ च्या 'लॉस्ट इन न्यूयॉर्क'साठी. दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, लेखक जॉन ह्यूज, केविन झालेला मॅकॉले कल्किन, चोरांच्या कामात जो पेशी आणि डॅनियल स्टर्न, सगळी मंडळी तीच. त्यामुळे हा भाग म्हणजे पहिल्याची नक्कल, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पहिल्या भागात पोरगं स्वतःच्या घरात असतं. माळ्यावर काय आणि तळघरात काय, सगळं त्याला माहीत. इथे विमानतळावर वडिलांसारखा कोट घातलेल्या भलत्याच माणसामागे जाऊन तो चुकीच्या विमानात बसतो. घरचे मायामीला, हा न्यूयॉर्कला. जवळ वडिलांची बॅग, तिच्यात रोकड, क्रेडिट कार्ड आणि पत्त्यांची वही, शिवाय 'टॉकबॉय' नावाचा एक टेपरेकॉर्डर. त्याची खरी हुशारी सापळे लावायच्या आधीच दिसते, असं माझं मत. तुम्ही कुठे पाहिलात, काय मनात राहिलं, मुलांना दाखवलात तर ती काय म्हणाली, सविस्तर लिहा.

पुण्याहून :

मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात बरीच वर्षं काढली, त्यामुळे केविन न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात उतरतो तो भाग कामाच्या नजरेने बघते. केविन टॉकबॉयवर स्वतःचा आवाज टेप करतो आणि फोनवर तो सावकाश वाजवून वडिलांच्या नावाने खोली ठरवतो. काउंटरवरच्या बाईंना शंका येते, तेव्हा उलट त्यांनाच विचारतो, की माझ्यासारखं लहान पोर हॉटेलात येऊन बुकिंग करेल का? वडील मीटिंगमध्ये आहेत, मला खोलीत बसू द्या. यापुढे अनुभवी माणूसही नमतो, कारण खोलात गेलं तर पाहुणा दुखावण्याची भीती असते. टिम करीने केलेल्या मिस्टर हेक्टरला, म्हणजे त्या हॉटेलच्या कर्मचाऱ्याला, सगळे खलनायक ठरवतात. शंका घेणं त्याचं कामच आहे. एकटं मूल, वाढत चाललेलं बिल, चोरीचं म्हणून नोंदलेलं कार्ड! चुकतं ते पुढे. मुलाला बसवायचं, पाणी द्यायचं, घरच्यांचा ठावठिकाणा विचारायचा, हे सोडून तो त्याच्या अंगावर जातो आणि पोर रस्त्यावर पळतं. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना मी हा प्रसंग मुद्दाम सांगायचे.

ठाण्याहून :

ताई, त्यातच शॉवरचा प्रसंगही धरा. हेक्टर खोलीत डोकावतो तेव्हा पडद्याआड हवा भरलेला विदूषक हलतोय आणि टॉकबॉयवर काकांचं गाणं आणि आरडाओरडा. तो टॉकबॉय आधी फक्त चित्रपटासाठी बनवलेली वस्तू होती. मग टायगर इलेक्ट्रॉनिक्सने तो खरोखर विकायला काढला आणि आवाज बदलण्याची सोय असलेलं मॉडेल १९९३ मध्ये आलं. आम्हाला तो कुठला मिळायला? मी आणि धाकटी बहीण बाबांच्या टेपरेकॉर्डरवर एकमेकांचे आवाज भरायचो. पुढे मी ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेतलं, त्याची सुरुवात तिथे झाली असं मी मनापासून मानतो.

शिकागोहून :

न्यूयॉर्कला गेलात तर चोर जे लुटायला जातात ते डंकनचं खेळण्यांचं दुकान शोधत फिरू नका. त्याचं बाहेरून दिसणारं दृश्य इथल्या ला साल स्ट्रीटवरच्या रूकरी इमारतीचं आहे, १८८८ सालची. केविनच्या कुटुंबाचं, म्हणजे मॅककॅलिस्टरांचं घरही इथून जवळच, विनेटका गावात. न्यूयॉर्कमध्ये बघण्यासारखी जागा म्हणजे सेंट्रल पार्कमधला गॅपस्टो पूल. तिथून झाडांवरून प्लाझा दिसतं आणि एवढ्याशा मुलाला ते शहर केवढं वाटलं असेल ते कळतं. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या गच्चीवर केविन उभा राहतो तो भाग मात्र २००१ नंतर मला पूर्वीसारखा बघता येत नाही.

नाशिकहून :

वय सत्तरीपुढे आहे, इंग्रजी बेताचं. नातीने शेजारी बसून समजावत दाखवला. मला चोरांपेक्षा कबुतरांना दाणे घालणारी बाई जवळची वाटली. ती ब्रेंडा फ्रिकर म्हणून आयरिश नटी, तिला ऑस्कर मिळालेलं आहे असं नातीने सांगितलं. बागेत ती दिसली की पोरगं आधी घाबरतं. नंतर दोघं कार्नेगी हॉलच्या माळ्यावर बसून खालचं संगीत ऐकतात. मन एकदा मोडलं म्हणून ती माणसांपासून दूर राहिली आहे. केविन तिला आपल्या स्केट्सची गोष्ट सांगतो : खराब होतील म्हणून जपून ठेवले, आणि घालायला काढले तेव्हा ते लहान झाले होते. आमचे हे गेल्यापासून माझ्या पैठण्या कपाटात पडून होत्या. नात एवढंच म्हणाली, "आजी, तुझे पण स्केट्स आहेत बघ कपाटात." पाडव्याला नेसले.

डोंबिवलीहून :

बाकी सगळं मान्य, पण गच्चीवरून विटा? एक नाही, चार, आणि सगळ्या मार्व्ह या चोराच्या डोक्यावर. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. पहिल्या भागातले सापळे घर वाचवण्यासाठी होते. इथे केविन चोरांचा फोटो काढतो, दुकानाची काच फोडून धोक्याची घंटा वाजवतो आणि मग मुद्दाम त्यांना मागे ओढत दुसऱ्या एका काकांच्या रिकाम्या घराकडे नेतो. मी हा भाग मुलासोबत बसूनच बघते आणि मध्ये थांबवून बोलते.

सातारा जिल्ह्यातून, प्राथमिक शिक्षक :

वरच्या ताईंची काळजी योग्य आहे. मी वर्गात प्रोजेक्टरवर दाखवला तेव्हा विटांचा भाग वगळला. दुकानातले पैसे मुलांच्या रुग्णालयासाठी होते, म्हणून तो चोरांना सोडून देत नाही, हे मात्र मुलांना सांगितलं. पाचवीच्या मुलांनी भाषेवाचून बहुतेक सगळं ओळखलं. दोर, रंगाचे डबे, शिडी हे सामान आलं कुठून, असं एकाने विचारलं, तर दुसरीने लगेच सांगितलं की त्या घराचं काम चालू आहे. शेवटी केविन बर्फावर घसरून चोरांच्या हाती सापडतो आणि ती कबुतरांची बाई त्यांच्यावर दाण्यांची बादली उपडी करते, तेव्हा वर्गात सगळ्यात मोठा आवाज झाला. एकट्याच्या अकलेने सगळं भागत नाही, हे त्यांना न सांगता कळलं.

मग एका मुलीने विचारलं, "सर, त्याने आईला फोन का नाही केला?" तेव्हा मोबाइल नव्हते, आई कोणत्या मोटेलमध्ये उतरली ते त्याला माहीत नव्हतं, असं मी सांगितलं. मग विचारलं, घरचा नंबर कोणाकोणाला पाठ आहे? फार थोडे हात वर झाले. तेव्हापासून परिपाठात आम्ही रोज दोघातिघांकडून घरचा नंबर म्हणून घेतो.