प्रत्येक लिंक कंट्रोलरमधूनच गेली पाहिजे का?

टिळकवाडी_जावा

एका पतसंस्थेचं वेब ॲप्लिकेशन आमच्याकडं सांभाळायला आहे. स्ट्रट्स १ (जावाचं वेब फ्रेमवर्क), जेएसपी (सर्व्हरवर एचटीएमएल तयार करणारी पेजेस), टॉमकॅट (हे सगळं चालवणारा सर्व्हर). (हसू नका. स्ट्रट्स १ चा सपोर्ट २०१३ सालीच बंद झाला हे मलाही ठाऊक आहे, पण संस्थेला ते कोण सांगणार?) आमच्या सिनिअर सरांचा नियम असा की एकही लिंक थेट पेजवर जाता कामा नये, प्रत्येक क्लिक 'डॉट डू'नं संपणाऱ्या पत्त्यावर, म्हणजे कंट्रोलरकडं, रिक्वेस्ट घेऊन कुठलं पेज दाखवायचं ते ठरवणाऱ्या कोडकडं.

आता 'शाखांचे पत्ते' हे पेज घ्या. शहापूर, खानापूर, निपाणी, चिकोडी, फोन नंबर, संपलं. त्यासाठीही स्ट्रट्स-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये नोंद करा, तिथून फॉरवर्ड (सर्व्हरनं आतल्या आत रिक्वेस्ट पुढं देणं), मग वेब-इन्फ या बाहेरून न उघडणाऱ्या फोल्डरमधली जेएसपी. कोगनोळी नाक्यावर सायकलवाल्याला टोल मागितल्यासारखं आहे हे.

माझं म्हणणं, ज्या पेजला डेटा लागत नाही आणि लॉगिन लागत नाही, ते साधं एचटीएमएल करून टॉमकॅटच्या पुढं बसणाऱ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या हवाली करा. ब्राउझर ते साठवून ठेवतो, पुन्हा मागितलं तर ३०४ वर ('बदल नाही' एवढ्याच उत्तरावर) भागतं, टॉमकॅटला पत्ताही लागत नाही. उलट जेएसपी मुद्दाम बंद केलं नाही तर सेशन (त्या वापरणाऱ्याची सर्व्हरवरची नोंद) उघडून बसते. फोन नंबर बघायला आलेल्याच्या नावानं सेशन! त्यात कुकी बंद असली की यूआरएलच्या शेपटाला जेसेशनआयडी, म्हणजे त्या सेशनचा ओळख क्रमांक, चिकटतो. ती लिंक त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवली, नंतर स्वतः लॉगिन केलं, आणि ॲपनं लॉगिनच्या वेळी आयडी बदलला नाही, तर ती लिंक उघडणारा थेट त्याच्या खात्यात.

अण्णा_शहापूर

अरे, जेसेशनआयडीचा दोष कंट्रोलरच्या माथी कशाला मारतोस? जेएसपीच्या डोक्यावर सेशन फॉल्स लिही, लॉगिन झालं की आयडी बदल. विषय संपला.

नियम का आला ते तुम्हा पोरांनी बघितलेलं नाही. एका जेएसपीतून दुसऱ्या जेएसपीला सरळ लिंक, प्रत्येक पेजच्या माथ्यावर लॉगिन तपासायच्या चार ओळी चिकटवलेल्या, आणि एखाद्या पेजवर चिकटवायच्या राहिलेल्या. खातेउताऱ्याच्या 'डॉट डू'ला वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये कुलूप घातलं, पण जेएसपी मात्र वेब-इन्फच्या बाहेर उघड्यावर. पत्त्याच्या पट्टीत जेएसपीचं नाव टाइप केलं की कुलपाला वळसा. कधी रिकामं पेज, कधी नलपॉइंटर एररची लांबलचक शेपूट, आतल्या क्लासच्या नावांसकट. वेब-इन्फमध्ये ठेवलेली फाइल कंटेनर (म्हणजे टॉमकॅट) बाहेरच्याला थेट देतच नाही, आतून फॉरवर्ड केलं तरच मिळते. म्हणून जेएसपी आत आणि लिंक कंट्रोलरवर. हे दोन्ही मिळून एकच काम आहे, त्यातलं एक सोडलं की दुसऱ्याला अर्थ राहत नाही.

आणि तुझं 'शाखांचे पत्ते' आज साधं आहे. उद्या चेअरमन म्हणतील, आज कुठली शाखा उघडी आहे ते दाखवा. मग पत्ता बदलणार, छापलेल्या पत्रकावरची लिंक मोडणार. आत काहीही बदललं तरी 'शाखा डॉट डू' तेच राहतं.

टिळकवाडी_जावा

अण्णा, पत्ता कायम ठेवायला कंट्रोलर कशाला हवा? '/शाखा' हा पत्ता एनजिनएक्सवरही ठेवता येतो. आज फाइलकडं वळवा, उद्या टॉमकॅटकडं. पत्त्यात 'डू' किंवा 'जेएसपी' दिसतंय तीच खरी अडचण आहे. बाहेरच्या माणसाला आपण आत काय वापरतो ते का कळावं?

खातेउताऱ्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तो वेब-इन्फमध्येच राहू दे.

निपाणी_फ्रंटएंड

भाषेचं कुणीच बोलत नाही की! आपल्याकडचं कुठलंही संस्थेचं ॲप म्हणजे कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही आलंच. स्ट्रट्सच्या १.१ पासून मॉड्यूल (ॲपचे वेगवेगळे भाग) आले, आणि कुठल्या मॉड्यूलची मेसेजेसची फाइल घ्यायची हे रिक्वेस्ट कंट्रोलरमधून गेली तरच नीट ठरतं. जेएसपी थेट उघडली तर वेगळ्याच मॉड्यूलचे मेसेजेस यायचे, नाहीतर यायचेच नाहीत. तेवढ्यापुरतं अण्णांचं बरोबर.

पण निवडलेली भाषा सेशनमध्ये ठेवणं मला अजिबात पटत नाही. पत्ता एक आणि आतला मजकूर तीन भाषांत. मी मराठीत वाचलेलं ठेवींच्या नियमांचं पेज अथणीच्या आत्याला पाठवलं, तिच्याकडं ते कन्नडमध्ये उघडलं. तिला कन्नड येतं म्हणून निभावलं, ते सोडा. मधे कॅश असेल तर याहून घोळ, पहिल्यानं ज्या भाषेत मागितलं तीच पुढच्या सगळ्यांच्या माथी. भाषा पत्त्यातच घाला, म्हणजे लिंक पाठवणाऱ्याला जे दिसतं तेच घेणाऱ्यालाही दिसेल. मग ती कंट्रोलरमधून जावो की फाइलवरून.

खानापूर_रेंज_नाही

तुम्ही सगळे सर्व्हरवरच्या कंट्रोलरवर भांडताय. माझं भांडण ब्राउझरमध्ये कंट्रोलर बसवणाऱ्यांशी आहे. सगळ्या क्लिक जावास्क्रिप्टनं पकडायच्या, प्रिव्हेंट-डिफॉल्टनं ब्राउझरचं नेहमीचं काम थांबवायचं, पुशस्टेटनं पेज न उघडता नुसता पत्ता बदलायचा, आणि ह्याला म्हणायचं 'राउटिंग'. कणकुंबी-जांबोटीकडं पावसात येऊन बघा एकदा. एचटीएमएल येतं, मजकूर दिसतो, स्क्रिप्टची मोठी फाइल अजून वाटेतच असते. तोवर एचरेफ (लिंक कुठं जाते तो पत्ता) नसलेल्या लिंकवर बोट आपटत बसायचं, काही म्हणजे काही होत नाही. एचरेफमध्ये खरा पत्ता असता तर पेज उघडलं तरी असतं.

काही ठिकाणी तर लिंकच नसते, डिव्हला, म्हणजे साध्या चौकटीला, ऑनक्लिक लावलेलं असतं. बोट दाबून धरलं तरी 'नवीन टॅबमध्ये उघडा' येत नाही. स्क्रीनरीडर वापरणाऱ्याला ती लिंक आहे हे कळतच नाही, टॅब कीनं तिथं पोचताही येत नाही. रिॲक्ट राउटर ह्या तयार लायब्ररीची लिंक कंट्रोल, शिफ्ट, मधलं बटण, टार्गेट हे सगळं बघून क्लिक ब्राउझरला सोडून देते. घरी लिहिलेल्या राउटरमध्ये हे बघितलेलं मला फार कमी दिसलंय. वर सर्व्हरला तो पत्ता माहीतच नसतो, रिफ्रेश केलं की ४०४.

अण्णा_शहापूर

खानापूर, हे मात्र शंभर टक्के. पण गंमत बघ, तुझा ब्राउझरमधला कंट्रोलरच मूळ अर्थाच्या जवळचा आहे. १९७९ साली झेरॉक्स पार्कमध्ये ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) मांडलं, तेव्हा कंट्रोलर म्हणजे माणसानं माउस-कीबोर्डवर जे केलं ते घेऊन पुढं पोचवणारा. सगळ्या रिक्वेस्ट एका जागी गोळा करून वाटून देणारा फ्रंट कंट्रोलर हे वेबवर नंतर आलं. २००० मध्ये क्रेग मॅक्लॅनहन यांनी स्ट्रट्स काढलं आणि जावावाल्यांना त्याची सवय लागली.

हुक्केरी_टेस्टिंग

सगळं वाचलं. मी टेस्टिंगवाला, माझे प्रश्न साधे असतात.

पहिला. पिग्मीचा भरणा सेव्ह केला की यादी दिसते, पण पत्त्याच्या पट्टीत अजून 'सेव्ह डॉट डू'च. कारण कंट्रोलरनं आतल्या आत फॉरवर्ड केलंय, ब्राउझरला त्याची खबरच नाही. क्लार्कनं एफ फाइव्ह दाबलं, ब्राउझरनं विचारलं 'फॉर्म पुन्हा पाठवू का?', त्यानं न वाचता ओके केलं, त्याच गिऱ्हाइकाचा भरणा दोनदा. 'सगळं कंट्रोलरमधून' म्हणणाऱ्यांनीच हे करून ठेवलेलं असतं. पोस्टनंतर (फॉर्म पाठवून झाल्यावर) फॉरवर्ड नको, ३०३ ('दुसऱ्या पत्त्यावर जा' हे उत्तर) देऊन यादीच्या पत्त्यावर पाठवा. मग रिफ्रेशनं यादीच पुन्हा येते.

दुसरा. 'नोंद काढून टाका' ही साधी लिंक का? लिंक म्हणजे गेट (नुसतं पेज मागणारी रिक्वेस्ट), आणि गेटनं सर्व्हरवरचं काही बदलू नये हे एचटीटीपीच्या १९९९ च्या आरएफसी २६१६ या मानकातच लिहिलेलं आहे. २००५ मध्ये गुगलचा वेब ॲक्सिलरेटर आला. पेजवरच्या लिंक तो आधीच उघडून ठेवायचा, वापरणाऱ्याच्या लॉगिनसकट. ज्या ॲपमध्ये डिलीट लिंकवर होतं तिथं माणसानं बोट न लावता नोंदी उडाल्या. त्या लिंकही कंट्रोलरमधूनच जात होत्या बरं का. आता मेलमधल्या लिंक तपासणारी सॉफ्टवेअरं हेच करतात. 'कर्ज मंजूर करा' अशी, लॉगिन न मागणारी लिंक साहेबांच्या मेलवर गेली, तर साहेबांच्या आधी ती दुसराच कुणी उघडेल.

टिळकवाडी_जावा

डिलीट आमच्याकडं पोस्टवरच आहे. भरणा आज बघतो.

सरांशी बोलून एवढं तरी पदरात पाडून घेणार आहे: शाखा, नियम, संपर्क ही पेजेस तीन भाषांच्या तीन पत्त्यांवर, साध्या फाइल. बाकी सगळं आहे तसं कंट्रोलरमधून.

अण्णा_शहापूर

नियमांच्या पेजवर ठेवींचे व्याजदर आहेत ना रे? संचालकांच्या मीटिंगनंतर ते बदलतात. तीन भाषांच्या तीन फाइल हातानं कोण बदलणार? मराठीत नवा दर आणि कन्नडमध्ये जुना राहिला, तर काउंटरवर भांडण तुझ्याशी नाही, क्लार्कशी होईल.

निपाणी_फ्रंटएंड

दर बदलला की तिन्ही फाइल स्क्रिप्टनं नव्यानं तयार करायच्या. हातानं कशाला?

अण्णा_शहापूर

मग ती स्क्रिप्ट कोण चालवणार ते आधी ठरवा. ठरेपर्यंत ते पेज माझ्याकडंच राहू दे.

हुक्केरी_टेस्टिंग

आणि लॉगआउट? तेही पोस्टवर आहे की लिंकच?

टिळकवाडी_जावा

लिंक.