फोटो तोरण्याचा नव्हता, पण चूक कोणाची?

बुधला (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात आमच्या गडप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढलं. काय झालं ते क्रमाने सांगतो, मग भांडा.

एका सदस्याने जुना फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘मी आणि बाबा, तोरणा, १९८७. बाबा काल गेले.’ फोटोत मागे कड्यातलं आरपार भोक दिसत होतं, म्हणजे नेढं. ते राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे. तोरण्याच्या माच्या झुंजार आणि बुधला. मी लिहिलं, ‘हा तोरणा नाही, राजगड आहे. मागे नेढं दिसतंय.’ त्याआधी चाळीसेक जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून झालं होतं. मला वाटलं, वडिलांची आठवण जपायची तर गडाचं नाव तरी बरोबर असावं. खरंच तसं वाटलं.

एकाने लिहिलं, ‘वा! काय ते ज्ञान! असंच मार्गदर्शन करत राहा.’ मी आभार मानले आणि त्या आठवड्यातल्या आणखी तीन फोटोंच्या चुका दाखवल्या. पाच मिनिटांत निर्लज्ज, माणूसघाणा, ‘याला बाप नाही का’ असं सगळं आलं आणि मी बाहेर.

मला ३१ व्या वर्षी ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. त्या माणसाला माझ्यामुळे दुखलं, हे मान्य. ‘मुद्दाम केलंस’ हे अमान्य. ‘आत्ता दुरुस्ती नको’ असं एक सरळ वाक्य कुणी लिहिलं असतं तर तिथेच थांबलो असतो. आधी टोमणा मारायचा आणि तो कळला नाही म्हणून शिव्या घालायच्या, हा कुठला न्याय?

कट्टेकरी
स्पष्ट लिहितो, राग नसावा. ज्याचा बाप काल गेला त्याने सुतकात तुमचं निदान लक्षात घ्यायचं? मयताच्या घरी कुणी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत बसत नाही. मी स्वतः अडीचशे जणांचा ग्रुप सांभाळतो. एकेकाला बाजूला घेऊन शिकवणी घ्यायला मला वेळ नाही. मीही काढलंच असतं. शिव्या मात्र दिल्या नसत्या.

बुधला
मयताच्या घरी कसं वागायचं ते मला येतं, आईने शिकवलंय. चपला बाहेर काढायच्या, बोलायचं नाही, चहा विचारला तर नको म्हणायचं. इथे त्या पोस्टच्या वर ‘रविवारी गाडीत दोन जागा आहेत’ होतं आणि खाली गुलाबाचं फूल घातलेलं शुभ सकाळ. मयताचं घर नेमकं कुठे सुरू झालं ते मला दिसलं नाही.

चिऊची आई
हे वाचून पोटात कालवलं. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर त्याला विचारलं, ‘तू कधी गप्प बसणार?’ याने उत्तर दिलं, ‘रात्री साडेनऊला.’ त्यांनी त्याचा स्क्रीनशॉट शाळाभर फिरवला. तो खरंच साडेनऊला झोपतो हो!

तरीही बुधलादादा, मी थोडी कट्टेकरींच्या बाजूने आहे. ‘कुणी गेल्याची बातमी असेल तर फक्त दोन शब्द लिहायचे, बाकी काही नाही’ हा नियम मी त्याला पाठ करून घेतलाय. जग त्याच्यासाठी दर वेळी थांबणार नाही, आणि मीही जन्मभर पुरणार नाही.

अवांतर : ‘स्वमग्न’ हा शब्द मला आवडत नाही. नातेवाइकांना वाटतं, हा आपल्याच नादात आहे, याला कुणाचं काही पडलेलं नाही. याला पडलेलं इतकं असतं की आजी आजारी पडली तर हा जेवत नाही.

वर्गाबाहेर
विशेष शिक्षिका आहे म्हणून बोलते. डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये एक मुद्दा मांडला. तो स्वतः ऑटिस्टिक आहे. म्हणणं असं, की समजून घेण्यातली उणीव एकट्या ऑटिस्टिक माणसात नसते, ती दोघांच्या मध्ये असते. बुधलांना टोमणा कळला नाही. पण बुधलांचे आभार खरे आहेत, हे त्या अख्ख्या ग्रुपमधल्या एकालाही कळलं नाही. पहिल्याला आपण आजार म्हणतो, दुसऱ्याला काहीच म्हणत नाही.

२०२० मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. ७२ माणसं, आठ-आठांच्या साखळ्या. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. जास्त गळली ती मिश्र साखळीत.

संशयात्मा
ताई, अर्धंच सांगताय. तोच प्रयोग पुढे ३११ लोकांवर झाला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्र साखळ्या मागे पडल्या नाहीत, तिन्ही प्रकार सारखेच निघाले. म्हणजे ‘मिसळले की गोंधळ’ हा निष्कर्ष तितका पक्का नाही.

वर्गाबाहेर
बरोबर, ते सांगायला हवं होतं. पण मग ऑटिस्टिक माणूस निरोप पोचवण्यात कमी पडतो, हेही त्यातून निघत नाहीच ना? शिवाय प्रयोगात एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची असते. बाप गेल्याच्या पोस्टखाली काय लिहायचं, हा वेगळाच खेळ. त्याचे नियम कुणी सांगत नाही, चुकल्यावरच कळतात.

जुना खेळाडू
आमच्या वेळी याला आगाऊपणा म्हणायचे. ३१ वर्षं काही नव्हतं आणि एकदम ऑटिझम? संगणकवाल्यांत तर फॅशनच आहे. लिनक्स ही संगणकप्रणाली बनवणारा टोरव्हाल्ड्स वर्षानुवर्षं लोकांना झोडायचा, तोही त्यातलाच असणार. उद्या प्रत्येक उद्धट माणूस चिठ्ठी घेऊन येईल.

राणी_नको
टोरव्हाल्ड्सने स्वतःबद्दल असं काही म्हटलेलं नाही, तुम्ही घरबसल्या निदान करू नका. २०१८ मध्ये त्याने आपल्या वागण्याची जाहीर माफी मागितली, लोकांच्या भावना कशा ओळखायच्या हे शिकायला मदत घेतो म्हणाला, काही आठवडे बाजूला झाला. कामावरून बोलायचं आणि माणसाला झोडायचं यातला फरक त्यालाही शिकावा लागला. उद्धटपणा आणि ऑटिझम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ‘३१ वर्षं काही नव्हतं’ हे कुणी सांगितलं? निदानाच्या निकषांतच लिहिलंय की लक्षणं लहानपणापासून असतात, पण भोवतालच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, आणि तरी बुधलाशी भांडणार आहे. मी साधं ‘अभिनंदन’ लिहितानाही आधी वरचे दहा जणांचे मेसेज वाचते, मग त्यांच्यासारखं लिहिते, मग पुसते. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. तू चाळीस श्रद्धांजल्या बघितल्यास ना? मग एकचाळिसावी टाकायची. नाहीतर कुणालातरी खाजगीत विचारायचं, ‘हे आत्ता लिहू का?’ सरळ वाक्य त्यांनी द्यावं म्हणतोस, तर सरळ प्रश्न तूही विचार.

बुधला
विचारायचं कधी ते कळलं तर विचारीन ना. मला तेव्हा शंकाच आली नव्हती. शंका आली नाही तर माणूस काय विचारणार?

राणी_नको
हम्म. हे खरं आहे. तरी मला तुझा थोडा रागही येतो. मी इतकं पुसते आणि तू पुसत नाहीस म्हणून.

कट्टेकरी
राणींचं पटलं. बुधला, एक विचारतो. तुम्ही त्या माणसाशी नंतर बोललात का? इथे एवढं लिहिलंत, त्याला काय लिहिलंत?

बुधला
लिहिलं. ‘तुमचे वडील गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी चूक काढली. ती वेळ नव्हती, हे मला नंतर कळलं. माफ करा.’ चार दिवस काही नाही. काल रात्री उत्तर आलं, ‘फोटो मोठा करून बघितला. नेढंच आहे. बाबा कायम तोरणाच म्हणायचे.’

आता प्रश्न असा, की यावर मी काही लिहायचं असतं का? त्यात प्रश्नचिन्ह नाही.

चिऊची आई
लिहा ना दादा. ‘बाबांची अजून एखादी आठवण सांगा’ असं लिहा. त्यांना बोलायचंय.

कट्टेकरी
अजिबात नको. त्याने विषय मिटवलाय. नुसते हात जोडा आणि गप्प राहा.

बुधला
तुम्हा दोघांनाही ऑटिझम नाही. मग दोन उत्तरं कशी?