मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन मेक्सिकोचा युकातान किनारा

नमस्कार मंडळी, जानेवारीत आई-बाबांना घेऊन कानकूनला जातोय. पावसाळा संपलेला असतो आणि किनाऱ्यावर सार्गासम शेवाळाचा त्रासही कमी, म्हणून हा महिना निवडला. रिसॉर्टमध्ये पडून राहायचं नाहीये. चिचेन इत्सा हे माया संस्कृतीचं प्राचीन शहर आणि तुलुमचे समुद्राकाठचे माया अवशेष नक्की बघणार. चिचेन इत्साला सकाळी दारं उघडताच पोचायचं, तर आदल्या रात्री जवळच्या वायादोलिद शहरात मुक्काम बरा ना?

खरी अडचण सेनोतेची. चुनखडीचं छत कोसळून तयार झालेली ती निळ्या पाण्याची कुंडं आईला बघायचीच आहेत, पण तिचे गुडघे दुखतात आणि पोहता येत नाही. चिचेन इत्साजवळच्या ईक किल सेनोतेला खाली बऱ्याच पायऱ्या आहेत म्हणे. कमी पायऱ्यांचं, काठावर निवांत बसता येईल असं एखादं सुचवा.

बाबा पक्के शाकाहारी, अंडंही नाही. तिथे घेवड्याच्या उसळीतसुद्धा डुकराची चरबी घालतात, म्हणून ‘सिन मांतेका’ (चरबी नको) म्हणायला शिकलोय. भोपळ्याच्या बियांची आणि टोमॅटोची सिकिल पाक चटणी त्यांना आवडेल असं वाटतं. वायादोलिदमध्ये खात्रीचं शाकाहारी जेवण कुठे मिळेल?

युकातानच्या किनाऱ्यावरच्या रियो लागार्तोसचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) जानेवारीत दिसतात का, हेही कुणी जाऊन आलेल्यांनी सांगा.