नवी ८ टीबी हार्ड डिस्क घुमते आणि मधून मधून ‘टक्’ असा आवाज करते. बदलून घ्यावी का?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. अमळनेर येथे माझा छायाचित्रण व व्हिडिओ संकलनाचा व्यवसाय आहे. लग्नसराईतील चित्रीकरण साठवण्यासाठी मी डेस्कटॉपमध्ये ८ टीबी क्षमतेची, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी ३.५ इंची हार्ड डिस्क नव्याने बसवून घेतली आहे. विंडोज वेगळ्या एसएसडीवर आहे आणि शेजारच्याच खणात जुनी १ टीबीची डिस्क आहे.

नवी डिस्क बसवल्यापासून दोन आवाज येतात. पहिला आवाज सलग घुमणारा असून तो लाटेसारखा चढतो आणि उतरतो. कॅबिनेटवर हात ठेवल्यास थरथर स्पष्ट जाणवते. दुसरा आवाज म्हणजे एकही फाइल उघडलेली नसताना दर चार-पाच सेकंदांनी ऐकू येणारे दबके ‘टक्’. फाइली व्यवस्थित कॉपी होतात, वेगही चांगला मिळतो. दुकानदारांचे म्हणणे असे, की मोठ्या डिस्क अशाच वाजतात. मात्र दुकानातून थेट बदलून मिळण्याची मुदत आता संपत आली आहे आणि त्यानंतर कंपनीच्या सेवा केंद्राकडेच जावे लागेल. कॅमेऱ्याची कार्डे मी अद्याप पुसलेली नाहीत. काय करावे?

पांझराकाठचा (धुळे)

बोरीकाठ भाऊ, मुदत शिल्लक आहे तोवर डिस्क बदलून घ्या. ग्राहकांच्या लग्नाचे चित्रीकरण पुन्हा करता येत नाही. सेवा केंद्राकडून बहुतेक वेळा दुरुस्त केलेली डिस्क मिळते, तर दुकानातून नवी मिळते. एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

पत्रा_आणि_स्क्रू (भुसावळ)

पांझराकाठ यांची काळजी रास्त आहे, परंतु आपण वर्णन केलेले दोन्ही आवाज बदलून आणलेल्या डिस्कमध्येही तसेच येण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून आधी ते वेगळे करून पाहावेत.

मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकड्यांचे संतुलन कितीही चांगले असले तरी १२० हर्ट्झची बारीक थरथर उरतेच आणि स्वस्त कॅबिनेटचा पातळ पत्रा ती ढोलकीच्या पुडीसारखी वाढवून ऐकवतो. आपला आवाज चढतो-उतरतो, ही खूण येथे फार उपयोगी आहे. एकाच खणसंचात जवळजवळ सारख्या वेगाने फिरणाऱ्या दोन डिस्क असल्या, की त्यांच्या वेगातील किंचित फरकामुळे कंपने कधी एकमेकांत मिळतात, कधी एकमेकांना मारतात, आणि आवाज लाटांनी येतो. संगणक पूर्ण बंद करून जुन्या डिस्कची पॉवर केबल काढा आणि पुन्हा सुरू करा. लाटा थांबल्या, तर हा दोष नसून मांडणीचा प्रश्न आहे. त्यानंतर नव्या डिस्कला किती स्क्रू लावले आहेत ते पाहा. घाईत एकाच बाजूला दोन स्क्रू लावून झाकण बंद केलेले मी इतक्या वेळा पाहिले आहे, की प्रथम तेच तपासतो. दोन्ही बाजूंचे चारही स्क्रू हवेत आणि शक्य असल्यास मध्ये रबरी वॉशर हवेत. डिस्क फिरत असताना मात्र ती हलवू नका, कारण तबकडी आणि तिच्यावर वाचन-लेखन करणारे हेड यांच्यातील अंतर काही नॅनोमीटरच असते.

‘टक्’विषयी सांगायचे तर मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क रिकाम्या बसलेल्या असताना हेड एकाच जागेवर तरंगत राहू नयेत म्हणून ते ठरावीक काळाने थोडे हलवतात, आणि पाचेक सेकंदांचे अंतर त्याच्याशी चांगले जुळते. बिघडलेल्या डिस्कचे ‘टक्’ निराळे असते: ते कोरडे व मोठे असते, तीन-चार वेळा लागोपाठ येते, फेरे मंदावतात, मोटर पुन्हा वेग घेते आणि तोवर विंडोज गोठते. तसे झाल्यास एक मिनिटही न थांबता संगणक बंद करावा.

डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ०५, सी५, सी६ आणि सी७ या दोष मोजणाऱ्या ओळींचे आकडे पाहून येथे कळवा. तो प्रोग्राम मूळ आकडे सोळाच्या पायावर दाखवतो, तेव्हा सेटिंगमध्ये दशमान निवडा, नाहीतर उगाच धडकी भरते.

केळीबाग (रावेर)

वरील उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात) साटाची, म्हणजे आजच्या डिस्कला लागणारी, पॉवरची तार शिल्लक नसली, की जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून स्प्लिटर (फाटा काढणारी जोडतार) लावून काम भागवले जाते. डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेवर क्षणभर दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. स्प्लिटर सैल असल्यास व्होल्टेज पडते आणि निरोगी डिस्कही बिघडल्यासारखी टकटक करू लागते.

लाइट अचानक गेल्यावर येणाऱ्या मोठ्या ‘टक्’ने घाबरून जाऊ नये. फिरत्या तबकड्यांमध्ये उरलेल्या ऊर्जेवर डिस्क आपले हेड तातडीने कडेला नेऊन ठेवते, त्याचा तो आवाज असतो. तथापि तो रोज होऊ देणेही बरे नाही. आपल्याकडच्या विजेचा विचार करता यूपीएस आवश्यकच समजावा. उन्हाळ्यात कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नये, हेही जाता जाता सांगतो. डिस्कचे तापमान ५० अंशांच्या आत राहिले, तर चिंता नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे आभार. जुन्या डिस्कची तार काढताच लाटा थांबल्या. नव्या डिस्कला खरोखरच एका बाजूने दोनच स्क्रू होते. ती खालच्या खणात रबरी वॉशर घालून चार स्क्रूंनी बसवली. आता घुमणे टेबलापाशी बसल्यावरच ऐकू येते. पॉवर स्प्लिटरवरून घेतली होती, ती आता एसएमपीएसच्या थेट तारेवर आहे. ‘टक्’ पूर्वीसारखेच आहे, परंतु फाइल कॉपी होत असताना ते येत नाही. नव्या डिस्कचे चारही आकडे शून्य असून तापमान ४३ अंश आहे.

मात्र त्याच खिडकीत जुन्या, आवाज न करणाऱ्या डिस्कचा सी५ हा आकडा १६ दिसतो आहे. त्याचा अर्थ काय?

पत्रा_आणि_स्क्रू (भुसावळ)

रिकाम्या वेळी येणारे आणि काम सुरू होताच थांबणारे ‘टक्’ हे डिस्कच्या रचनेतलेच आहे; नवी डिस्क ठेवून घ्या. मुदत संपण्यापूर्वी तिची विस्तारित स्व-चाचणी (डिस्कने स्वतःच आपली पूर्ण जागा तपासणे) तेवढी करा. ८ टीबीला बारा तासांहून अधिक वेळ लागू शकतो आणि मध्ये लाइट गेली किंवा संगणक झोपी गेला, तर चाचणी अर्धवट राहते, म्हणून ती यूपीएसवर आणि स्लीप बंद करून चालवा. ती निर्दोष पूर्ण होईपर्यंत कार्डे पुसू नका.

जुन्या डिस्कचा प्रश्न अधिक तातडीचा आहे. सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि पुढील निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, म्हणजे तबकडीवरील साठवणीचे छोटे कप्पे. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले, की डिस्क ते सेक्टर तपासते आणि खराब निघाल्यास राखीव जागा वापरते. तोवर तेथील फाइल अडकलेली असते. तिच्यावर आता काहीही लिहू नका आणि विंडोजमधील चेकडिस्क हा दुरुस्तीचा प्रोग्रामही चालवू नका, कारण दुरुस्तीच्या नावाखाली ते फाइलींच्या नोंदी बदलते. सर्वांत महत्त्वाचे फोल्डर आधी, छोट्या तुकड्यांत, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. एखाद्या फाइलवर कॉपी अडली, तर तिची नोंद करून ती वगळा आणि पुढे जा. अडलेल्या फाइली शेवटी पाहता येतील. जुन्या डिस्कवरील कोणत्या कामांच्या दुसऱ्या प्रती आपल्याकडे नाहीत, ते येथे कळवल्यास क्रम ठरवण्यास मदत करता येईल.